पहिल्या खुंट्याची गाय

आमच्या गोठ्यात पाच खुंटे होते. दाराजवळ पहिला, आणि मग भिंत धरून ओळीने चार. पहिल्या खुंट्याला थोरली. धारेला सुरुवात तिच्यापासून, मग ठिपकी, मग तांबडी, मग लाथाडी आणि शेवटी गरीब. हा क्रम कोणी लावला म्हणाल तर थोरलीनेच. तिच्या आधी दुसऱ्या कोणाच्या कासेला हात लागला की ती दावं तोडायला बघायची.

धारा काढायच्या त्या आमच्या हिने. कडबा कापायच्या कुट्टीच्या मशीनने माझ्या उजव्या हाताची दोन बोटं लग्नाआधीच नेली. लग्न झाल्यावर एकदा मी हौसेने थोरलीच्या आईखाली बसलो होतो, तेव्हा तिने वळून माझ्याकडे असं काही बघितलं की ही तोंडात पदर धरून हसत बसली. तेव्हापासून वैरण, पाणी, शेण आणि कॅन घेऊन दूध केंद्रावर जाणं एवढंच माझ्याकडे.

आणि एका गोष्टीचा मला फार ताठा होता. बावीस वर्षांत एकही सकाळ आमचा कॅन चुकला नव्हता. मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा हिने पाचही गायी काढल्या, हात धुतले, आणि मग म्हणाली, “चला आता दवाखान्यात.” मी आधी कॅन टाकून आलो आणि मग तिला घेऊन गेलो. हे मी केंद्रावर चारचौघांत सांगायचो आणि लोक माना डोलवायचे. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

वैरण टाकताना मला पाठमोरं राहूनही कळायचं की ही कोणत्या गायीखाली आहे. रिकाम्या बादलीच्या बुडावर धार वाजते, दूध चढलं की तीच फेसात घुसते आणि आवाज जाड होतो. हिच्या दोन्ही हातांचा ठेका सारखा असायचा. डावा, उजवा, डावा, उजवा. त्या ठेक्यावर मी झाडू मारायचो.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. एका पहाटे कास धुवायच्या कोमट पाण्यात ही हात बुडवून बसली ती बसलीच.

“काय गं, आंघोळ उरकतेस का तिथेच?” मी म्हणालो.

“बोटं उघडत नाहीत.”

“म्हणजे?”

“आखडलीत. दोन्ही हातांची. बघा ना.”

मी बघितलं नाही. माझ्या डोक्यावर वैरणीचा भारा होता. “थंडी काय कमी आहे का,” म्हणालो आणि पुढे गेलो.

“थंडीच असेल,” ती म्हणाली. थोड्या वेळाने धारेचा आवाज सुरू झाला, पण तो लंगडत होता. एक धार जाड, एक बारीक. थोरली संपून ठिपकी सुरू झाली तेव्हा ठेका लागला. मी ऐकलं. नाही ऐकलं असं मला म्हणता येणार नाही.

“थोरली झाली की सुटतात,” चहाच्या वेळी तिने सांगितलं. मुलीने हिचे हात हातात घेऊन चोळले. मुलगी आमची वीस वर्षांची, कॉलेज करून घरचंही बघायची. तिने विचारलं, “डॉक्टरला दाखवायचं का?” मी म्हणालो, “दहा मिनिटं हात आखडले तर डॉक्टर? मग मी तर रोज ॲडमिट व्हायला पाहिजे.” दोघी हसल्या. मला वाटलं विषय संपला.

थंडी गेली. बोटं काही गेली नाहीत. मग आम्ही म्हणालो, उन्हाचं होतं कधीकधी. मग म्हणालो, काम जास्त पडतंय. आमच्या घरात कारणांना तोटा नव्हता.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिने कप दोन्ही तळव्यांत धरून चहा प्यायला सुरुवात केली. कपाच्या कानात बोट घालायचंच नाही, पाखरू धरावं तसा कप धरायचा. तिची आई असाच धरायची. म्हातारीची बोटं एका बाजूला कलली होती, सगळी बाहेरच्या अंगाला, वाऱ्याने पीक आडवं व्हावं तशी. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासुरवाडीला गेलो आणि घरी येऊन म्हातारीची नक्कल केली, तेव्हा हीसुद्धा हसली होती. पुढे ती आमच्या घरातली चेष्टाच झाली. म्हणून हिने कप तसा धरलेला बघून मी म्हणालो, “आल्या बघा सासूबाई.”

ती हसली नाही. कप खाली ठेवून तिने आपल्या हातांकडे बघितलं आणि हात पदराखाली घेतले.

केंद्रावर आमचं दूध नेहमी वरचं. फॅट मोजणारा माणूस आमच्या कॅनला हात लावायच्या आधीच आकडा सांगायचा. त्या महिन्यात तो आकडा खाली यायला लागला. रोज थोडा थोडा. एक दिवस त्याने नळी उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “काय हो, काल तुमच्या कॅनमध्येच पाऊस पडला का?”

रांग हसली. बावीस वर्षं माना डोलवणारी हीच रांग. उरलेल्या तीन बोटांनी मी कॅनचं झाकण घट्ट बसवलं आणि सायकल काढली.

घरी आलो आणि सायकल लावायच्या आधीच ओरडलो. “शेवटची धार नीट काढतेस ना?”

दूध काढणाऱ्या घरात हे पोरालाही माहीत असतं. पहिलं दूध पातळ, शेवटचं घट्ट. कास पूर्ण रिकामी केली नाही तर सगळी साय गायीच्या अंगातच राहते.

“काढते की,” ती म्हणाली.

“मग फॅट कुठे जातंय?”

“थोरली चोरत असेल. वय झालं तिचं.”

मी नेमका प्रश्न विचारला होता, तिने खोटं उत्तर दिलं आणि मला ते पटलं. गाय पान्हा चोरते हे ऐकायला सोपं होतं. ती खोटं का बोलली हे मला पुढे कळलं. मूठ आवळत नाही म्हणून तिने अंगठा दुमडून, अंगठ्याच्या पेराने सड ओढायला सुरुवात केली होती. त्याने धार येते, पण सड सोलवटतो आणि शेवटचं दूध आतच राहतं. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मुलीला धार शिकवताना याच गोष्टीसाठी तिने तिच्या हातावर चापटी मारली होती.

तरी तिला दवाखान्यात नेलं. म्हणजे मुलगी रोज माझ्या मागे लागली म्हणून नेलं. धारा झाल्या, शेण झालं, वासरं सोडली, आंघोळी झाल्या, आणि अकराच्या सुमाराला आम्ही नाक्यावरच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर घाईत होता. त्याने सांगितलं, “मूठ करा.” हिने केली. “उघडा.” उघडली. बोटांच्या मुळाशी थोडी सूज होती, पण राबणाऱ्या बाईच्या हाताला असते तेवढीच.

“छान आवळते की हो,” डॉक्टर म्हणाला. “कामाचे हात आहेत. चाळिशी झाली. या गोळ्या दुखेल तेव्हा घ्या.”

“सकाळी नाही आवळत,” ही हळूच म्हणाली.

“सकाळी थोडं होतंच सगळ्यांना.”

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “तुझं दुखणंही शहाणं आहे. बरोबर धारेच्या वेळेला येतं आणि डॉक्टर दिसला की पळतं.”

मी चेष्टेनेच म्हणालो होतो. घरी पोचेपर्यंत ती माझ्या चार पावलं मागून चालत राहिली. आणि त्यानंतर तिने हातांबद्दल मला एक शब्द सांगितला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला थोरलीला दगडी झाली. कासेचा मागचा भाग टणक, हात लावला की गरम, आणि दुधात गुठळ्या. गुरांचा डॉक्टर येऊन सडात औषध भरून गेला. आठवड्याने बरी झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा. ज्या गायीने जन्मात पाय उचलला नाही तिने हिला लाथ मारली. बादली लवंडली, दूध शेणात गेलं. मी थोरलीच्या पाठीत काठी घातली.

“मारू नका तिला!” ही ओरडली. ती खाली पडली होती आणि उठताना हात टेकत नव्हती, कोपरं टेकत होती.

दुसऱ्या दिवशी केंद्रावरच्या माणसाने आमचा कॅन उघडला, वास घेतला आणि झाकण लावून माझ्या पायाशी ठेवला. “हे मी बाकीच्यांच्या दुधात मिसळू शकत नाही, काका.” त्या दिवशी चेष्टा नव्हती आणि तेच जास्त लागलं. सगळं दूध मी वाटेत ओढ्यात ओतलं. कॅन गेला होता, परत आला होता. मी मनाशी म्हणालो, चुकला तर नाही ना.

तिसऱ्यांदा दगडी झाल्यावर मी थोरलीला विकायचं ठरवलं. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला. थोरली फळीवर पाय ठेवेना. दोघांनी मागून रेटलं, शेपूट पिरगाळलं, तरी नाही. शेवटी ही पुढे झाली, टेम्पोत चढली आणि आतून नुसतं “ये” म्हणाली. थोरली चढली. ही उतरताना तिचा पाय लटपटला. मुलीने तिला काखेत धरून खाली घेतलं.

“तिचं काही चुकलं नव्हतं,” टेम्पो वळल्यावर ही म्हणाली.

“वय झालं असं तूच म्हणालीस ना?”

“हो. मीच म्हणाले.”

तेव्हा ती रडली. अठरा वर्षं एका खुंट्याला असलेली गाय गेली म्हणून बाईमाणूस रडतंय, असं मी समजलो. त्या रडण्यात दुसरं काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिल्या खुंट्याला ठिपकी आली. नुकती दुसऱ्यांदा व्यायलेली, तरणी, निरोगी. दीड महिना झाला आणि एका सकाळी बादलीत गुठळ्या. तोच मागचा भाग, तसाच टणक.

आता मात्र माझी खात्री पटली. गायीत दोष नव्हता, जागेत होता. पहिल्या खुंट्याखाली ओल मुरत असणार, नाहीतर जुनी घाण साचली असणार. मी कुदळ घेतली. तो कोपरा गुडघाभर खणला, खुंटा उपटला, माती बाहेर टाकली, चुना पसरला आणि नदीतून गोटे आणून बसवले. चार दिवस चाललं. मुलगी घमेली भरून द्यायची आणि ही उचलायची. ती घमेलं कडेने धरत नव्हती. दोन्ही हात खालून घालून, लहान मूल घ्यावं तसं दंडावर घ्यायची.

“मनगटात जीव नाही का गं?” मी म्हणालो.

“नाही,” ती म्हणाली. साधं, सरळ.

मला राग आला. मीही दमलो होतो. त्या चार दिवसांत मी तिच्याकडे बघितलं असतं तर बरंच काही दिसलं असतं. ब्लाउज अंगावर लोंबायला लागला होता. दुपारी ती गव्हाणीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. सकाळी अंथरुणातून उठली की पहिली दहा पावलं खड्यांवरून चालावं तशी टाकायची. तिच्या वेण्या मुलगी घालत होती, हुक मुलगी लावत होती, आणि दोघी ते माझ्या नजरेआड उरकत होत्या. नजरेआड म्हणजे काय, मी तिथेच असायचो.

नव्या गोट्यांवर ठिपकी उभी राहिली. तीन आठवड्यांत पुन्हा दगडी.

गुरांचा डॉक्टर आला तेव्हा मी दाराशी डोकं धरून बसलो होतो. हा माणूस बोलायला कमी. त्याने ठिपकीचे सड एकेक करून बघितले, पेरांचे वळ बघितले. मग ओळीतल्या बाकीच्या तिघींच्या कासा तपासल्या. तांबडीला थोडे वळ होते. लाथाडीला त्याहून कमी. गरीबचे सड स्वच्छ.

“थोरली कुठे होती?” त्याने विचारलं.

“इथेच. या जागेवर. म्हणून तर खणलं.”

“धारेला पहिली कोणती घेता?”

“या खुंट्यावरची. कायम.”

“आणि शेवटी गरीब.”

“हो.”

त्याने हात धुतले. बराच वेळ धुतले. “उद्या पहाटे धारेच्या वेळेला येतो,” म्हणाला. “वहिनींना काही सांगू नका. रोज बसतात तसंच बसू दे.”

तो अंधार फिटायच्या आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. हिने त्याला बघितलं, क्षणभर थांबली, पण गाय पान्ह्याला आली होती. तिने कोमट पाण्यात हात बुडवले. मग दुमडलेला अंगठा सडाला लावला. एक धार जाड, एक बारीक. तिच्या तोंडावर वेदना दिसत नव्हती. तोंड नुसतं घट्ट मिटलेलं होतं.

“वहिनी, थांबा,” डॉक्टर म्हणाला. “मूठ करून दाखवा.”

तिने हात पुढे केले. बोटं अर्ध्यात आली आणि थांबली. दोन्ही हातांची. बोटांच्या मुळाशी गाठी फुगलेल्या, कातडी चकचकीत. डॉक्टरने तिच्या पंज्याला दोन्ही बाजूंनी अगदी हलकेच दाबलं, हस्तांदोलनात दाबतात तेवढंच. ती किंचाळली. ठिपकी बिचकून बाजूला सरली.

बावीस वर्षांत मी तिला किंचाळताना ऐकलं नव्हतं. बाळंतपणातही नाही.

“दादा,” डॉक्टर माझ्याकडे वळला, “गायीचा काही दोष नाही. जागेचाही नाही. पहिल्या गायीला यांचे हात सगळ्यात वाईट असतात. कास अर्धी भरलेली राहते, सड चेंगरतो, म्हणून दगडी. शेवटच्या गायीपर्यंत हात जरा सुटतात, म्हणून शेवटची धडधाकट. थोरलीलाही हेच झालं होतं.”

मी हिच्याकडे बघितलं. ती ठिपकीच्या पोटाला कपाळ टेकून बसली होती.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“थोरली विकली तेव्हाही?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

माझ्या कानात माझंच वाक्य वाजलं. तुझं दुखणंही शहाणं आहे.

“मी गुरांचा डॉक्टर,” तो पिशवी आवरत म्हणाला. “माणसांचं सांगायचा मला अधिकार नाही. पण हे नुसत्या कामाचं दुखणं वाटत नाही. कामाने एक हात जातो, एक बोट जातं. दोन्ही हात असे सारखे, सकाळी तासतासभर, वर बारीक ताप. शहरात सांध्यांचे वेगळे डॉक्टर असतात, त्यांच्याकडेच जा. आणि तिथे सकाळचं सांगा. दुपारी हात दाखवून उपयोग नाही.” मग मुलीला म्हणाला, “फोन आण. आत्ताच्या आत्ता आईच्या हातांचे फोटो काढ. तेच दाखवा.”

मुलीने फोटो काढले. मी बाजूला उभा होतो, वैरणीचा भारा डोक्यावर तसाच.

शहरातली डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीहून फार मोठी नसेल. तिने आधी फोटो बघितले, मग हात. मग विचारलं, “सकाळी आखडलेले हात सुटायला किती वेळ लागतो?”

वर्षभरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“आधी थोरली होईपर्यंत लागायचा,” ही म्हणाली. “मग ठिपकी होईपर्यंत. आता चारही होतात तरी पुरते सुटत नाहीत.”

डॉक्टरीण गोंधळली. मी सांगितलं, एका गायीला दहा-बारा मिनिटं. तिने कागदावर मांडलं आणि त्या आकड्याखाली दोनदा रेघ ओढली.

रक्त काढलं, हातापायांच्या हाडांचे फोटो काढले. ते पांढऱ्या दिव्यावर लावून तिने आम्हाला दाखवले. बोटांच्या हाडांच्या कडा नीट नव्हत्या. कुरतडल्यासारख्या होत्या.

“अंगात रोगाशी लढणारी एक राखण असते,” ती म्हणाली. “यांच्या बाबतीत ती आपल्याच सांध्यांना परकं समजतेय. थंडी नाही, वय नाही, काम नाही. काम केल्याने हा आजार झाला नाही. कामामुळे तो झाकला मात्र गेला.”

राखणीचं कुत्रं घरच्यांवरच धावतं, तसं काहीतरी माझ्या मनात आलं. “बरं होईल ना?” मी विचारलं.

“पुढचं थांबवता येईल. औषधं चांगली आहेत. पण हाडाचं जे गेलं ते परत येत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आला असतात तर यातलं बरंच वाचलं असतं.” मग हिच्याकडे बघून जरा रागानेच म्हणाली, “एवढे दिवस सहन केलंत. घरात कोणाला सांगायचं तरी.”

“सांगितलं की,” ही म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. “यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.”

मी जमिनीकडे बघितलं.

“घरात अजून कोणाला असे हात होते का? रक्ताच्या नात्यात?”

हिने हात पदराखाली घेतले. शेवटी मीच बोललो. “हिच्या आईला. बोटं बाहेरच्या बाजूला कललेली. कप दोन्ही तळव्यांत धरायच्या.” ज्या माणसाने वीस वर्षं ती नक्कल केली त्याच माणसाने हे सांगायचं होतं.

डॉक्टरणीने मुलीकडे बघितलं. “घाबरायचं कारण नाही, आईला आहे म्हणून मुलीला होतंच असं नाही. पण सकाळी मूठ आवळत नाही असं झालं आणि काही आठवडे टिकलं, तर थंडी म्हणायचं नाही. सरळ इकडे यायचं.”

मुलीने मान हलवली. मी ती मान हलताना बघितली.

औषधांनी ताप गेला. अंग भरलं. सकाळी ही जमिनीवर नीट पाय टेकायला लागली. पण उजव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या बाजूला कलली ती कललीच, आणि तिने पुन्हा गायीखाली बसायचं नाही असं डॉक्टरीण म्हणाली. लाथाडी आणि गरीब आम्ही देऊन टाकल्या. तीन उरल्या, ठिपकी, तांबडी आणि ठिपकीची कालवड, तीही पुढे दुभती झाली. धारेला मुलगी बसायला लागली. तिचा हात आईसारखाच, ठेकाही तोच. डावा, उजवा. मी पुन्हा त्यावर झाडू मारायला लागलो. केंद्रावरच्या माणसाने एक दिवस नळी उजेडात धरली आणि काही न बोलता हसला. मलाही बरं वाटलं, आणि तेवढ्यापुरतं मी सगळं विसरलो.

दोन वर्षं गेली. मागच्या महिन्यात थंडी पडायला लागली.

एका पहाटे मी पाठमोरा वैरण टाकत होतो. बादलीच्या बुडावर धार वाजायला लागली आणि मी हातातली पेंढी खाली ठेवली.

एक धार जाड होती. एक बारीक.

मी वाट बघितली. ठिपकी संपली. तांबडी सुरू झाली आणि ठेका लागला. डावा, उजवा, डावा, उजवा, कसा एकसारखा. वैरण टाकायचं सोडून मी ओळीतून चालत गेलो.

मुलीने मला येताना बघून हात ओढणीत घेतला. अगदी आईसारखा.

“दाखव,” मी म्हणालो.

“काय बाबा?”

“मूठ करून दाखव.”

“थंडी आहे हो. तुम्ही उगाच...”

“कितव्या गायीपर्यंत?”

तांबडी मान वळवून बघत होती, धार का थांबली म्हणून.

“ठिपकी होईपर्यंत,” ती म्हणाली. “महिना झाला. आईला सांगू नका.”

“मला का नाही सांगितलंस?”

“शहरात जायचं म्हणजे पहिली बस. पहिली बस म्हणजे धारा राहणार.” तिचा आवाज बारीक झाला. “कॅन चुकला असता ना.”

मी तिच्या हाताकडे बघितलं. बोटांच्या मुळाशी सूज होती, फार नाही. एखाद्याला दिसलीही नसती. मी तो हात माझ्या तीन बोटांत धरला आणि मला रडू आलं, गायींसमोर, मुलीसमोर.

दारात चाहूल लागली. ही उभी होती, कप दोन्ही तळव्यांत धरून. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने कप उंबऱ्यावर ठेवला, आत आली आणि मुलीसमोरची बादली पायाने बाजूला सारली. त्यात ठिपकीचं दूध होतं, तांबडीचं थोडं.

“उठ,” ती मुलीला म्हणाली. “चप्पल घाल.”

“आई, तांबडी अर्धीच झालीय. कालवड तर बाकीच आहे.”

मी कोपऱ्यात गेलो आणि वासरांची दावी सोडली. तिन्ही वासरांना खरंच वाटेना. मग ती धावली आणि आपापल्या आईला लुचायला लागली, कासेला ढुशा देत. तोंडाचा फेस खाली नव्या गोट्यांवर गळत होता.

“पिऊ दे त्यांना,” मी म्हणालो. “सगळं पिऊ दे.”

मुलीने तिथेच, धारेच्या वेळेच्या हातांचा फोटो काढून घेतला. फोन तिच्या आईने धरला, दोन्ही तळव्यांत, आणि मी बटण दाबलं. मग आम्ही तिघंही नाक्याकडे निघालो. रस्त्यात केंद्रावर रांग लागली होती. कोणीतरी हाक मारली, “काय हो, कॅन कुठे आज?”

मी हात हलवला आणि बसला हात दाखवायला पुढे पळालो. त्या दिवशी आमचा कॅन केंद्रावर गेला नाही.